चार्ल्सन, इयन

चार्ल्सन, इयन : (११ ऑगस्ट १९४९ – ६ जानेवारी १९९०). रंगभूमी व चित्रपट या दोन्ही क्षेत्रांतील स्कॉटिश अभिनेते. जन्म एडिंबरा येथे एका कामगार कुटुंबात. वडील छापखान्यात काम करीत. शिष्यवृत्ती मिळवून ते तेथील रॉयल हायस्कूलमध्ये शिकले. पुढे एडिंबरा विद्यापीठात वास्तुकला शिकायला गेले, पण मन नाटकातच रमले. पदवीनंतर लंडनच्या लॅम्डा या नाट्यसंस्थेत त्यांनी अभिनयाचे शिक्षण घेतले.

‘चॅरियट्स ऑफ फायर’ (१९८१) या चित्रपटामुळे त्यांचे नाव जगभर झाले. रविवारी धावणार नाही, असा निर्धार करणारा श्रद्धाळू स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल त्यांनी त्यात साकारला. या भूमिकेसाठी त्यांनी बायबल वाचून काढले. लिडेलची श्रद्धा ते कुठेही आव न आणता दाखवतात. पाठोपाठ आलेल्या ‘गांधी’ (१९८२) मध्ये ते चार्ली अँड्र्यूज झाले. रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबा मनात असलेल्या मराठी प्रेक्षकाला आगगाडीच्या टपावर चढून बसणारा हा गोरा पाद्रीही आठवत असेल. दोन्ही चित्रपटांना लागोपाठच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले.

तरीही त्यांची खरी उंची रंगमंचावरच दिसली. रॉयल शेक्सपिअर कंपनीत ते ‘द टेम्पेस्ट’ या नाटकातील एरियल झाले, नॅशनल थिएटरमध्ये ‘गाइज अँड डॉल्स’ या संगीत नाटकात गायले. १९८९ मध्ये रिचर्ड आयर दिग्दर्शित ‘हॅम्लेट’मधून डॅनियल डे-लुइस मध्येच बाहेर पडले आणि ती भूमिका चार्ल्सन यांच्याकडे आली. तेव्हा ते एड्सने ग्रासलेले होते, चेहरा सुजलेला असे. मरण समोर दिसत असताना त्यांनी मरणाविषयीची ती स्वगते म्हटली. त्या हंगामाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार इयन मॅकेलन यांना मिळाला. त्यांनी तो चार्ल्सन यांना देऊन टाकला. शेवटच्या प्रयोगानंतर सुमारे आठ आठवड्यांनी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

मृत्यूचे कारण लपवू नये, ही त्यांचीच इच्छा होती. एड्सचे नाव कुजबुजत घेतले जाण्याच्या त्या काळात ब्रिटनमधील इतक्या प्रसिद्ध नटाच्या बाबतीत असे उघडपणे सांगितले जाणे नवे होते, आणि या धैर्याचे मोल त्यांच्या कोणत्याही भूमिकेपेक्षा कमी नाही. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील एचआयव्ही रुग्णांच्या उपचार केंद्राला त्यांचे नाव आहे. अभिजात नाटकांत काम करणाऱ्या तीस वर्षांखालील नटनट्यांना इयन चार्ल्सन पुरस्कार दिला जातो. टॉम हॉलंडर आणि रिबेका हॉल हे त्याचे मानकरी.