उतरताना सुटलेला ताबा : मॅराना अपघाताची पार्श्वभूमी

८ एप्रिल २००० च्या रात्री अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, मॅराना येथील विमानतळावर उतरत असताना मरीन दलाचे व्ही-२२ ऑस्प्रे हे यान अचानक उजवीकडे कलले, उलटे झाले आणि जमिनीवर आदळले. त्यातील १९ ही जण मृत्युमुखी पडले. ऑस्प्रे विमानासारखे वेगाने उडते, मात्र पंखांच्या टोकांवरील दोन रोटर (फिरत्या पात्यांचे पंखे) वर वळवून हेलिकॉप्टरप्रमाणे उतरते.

रोटर हवा खाली ढकलतो, म्हणून यान तरंगते. पुढे जाण्याचा वेग अगदी कमी असताना यान झपाट्याने खाली येऊ लागले, तर ते स्वतःच ढकललेल्या हवेत शिरते. ती हवा पात्यांच्या टोकांपाशी वर वळून पुन्हा रोटरमध्ये ओढली जाते आणि कड्यासारखा भोवरा तयार होतो. अशा वेळी घसरण थांबवण्यासाठी वैमानिकाने शक्ती वाढवली, तर भोवराच बळावतो. नाक खाली करून पुढे निसटणे हा रूढ उपाय आहे, पण त्याला उंची लागते, आणि उतरताना नेमकी तीच हाताशी नसते. हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना हा धोका कित्येक दशके ठाऊक होता. ऑस्प्रेची अडचण आणखी बिकट होती, कारण भोवऱ्यात एकच रोटर सापडला की दुसऱ्या बाजूची उचल कायम राहते आणि यान कलंडते.

त्या रात्री कमी वेगात मिनिटाला ८०० फूट ही उतरण्याची मर्यादा होती. यान २००० फुटांहून अधिक वेगाने खाली येत होते. त्यामुळे मरीन दलाच्या प्रसिद्धिपत्रकाचा रोख वैमानिकांवर राहिला. मात्र नेमक्या याच अवस्थेच्या चाचण्या खर्च व वेळ वाचवण्यासाठी आधीच कमी करण्यात आल्या होत्या, आणि वैमानिकाला सावध करणारी कोणतीही यंत्रणा कॉकपिटमध्ये नव्हती. ज्या धोक्याची पुरती ओळखच करून दिली नव्हती, त्याचा दोष मृतांच्या माथी मारणे अन्यायाचेच होते. पुढच्या चाचण्यांनंतर इशारा देणारी यंत्रणा बसवण्यात आली; रोटर काही अंश पुढे झुकवले की यान भोवऱ्यातून सुटते, हेही त्या चाचण्यांतच पक्के झाले.

दोन्ही वैमानिकांच्या कुटुंबीयांनी कलंक पुसण्यासाठी लढा दिला आणि अमेरिकी संसदेतील (काँग्रेसमधील) नॉर्थ कॅरोलायनाचे सदस्य वॉल्टर जोन्स यांनी तो वर्षानुवर्षे लावून धरला. अखेर २०१६ मध्ये संरक्षण उपमंत्री रॉबर्ट वर्क यांनी हा अपघात मुख्यतः वैमानिकांच्या चुकीने घडल्याचे म्हणता येणार नाही, असे स्पष्ट केले.