सोलमध्ये हानबोक घेताना : रंग एक नको, दोन कळवा

आमच्या सोल सहलीत ग्योंगबोकगुंग राजवाड्याचा दिवस बहुतेकांना भाड्याने घेतलेला हानबोक, म्हणजे कोरियाचा पारंपरिक पोशाख, घालूनच काढायचा असतो. हानबोक अंगावर असेल तर राजवाड्याचं तिकीट लागत नाही, हेही आता सगळ्यांना ठाऊक आहे. घोळ होतो तो हानबोकासाठी आम्ही भरून घेतो त्या फॉर्ममधल्या रंगाच्या रकान्यात. तिथे नुसतं 'लाल' किंवा 'गुलाबी' लिहून येतं.

बायकांच्या हानबोकात वर आखूड जोगोरी (झंपरासारखं वस्त्र) आणि खाली घेरदार छिमा (घागरा) असते. अर्थ ठरतो तो या दोन रंगांच्या जोडीवरून. लाल छिमेवर पिवळी जोगोरी ही परंपरेने लग्न न झालेल्या मुलीची. त्याच छिमेवर हिरवी जोगोरी आली की ती नव्या नवरीची. आपला हिरवा चुडा आठवला की हे विसरणार नाही. नुसतं 'लाल' कळवलं तर दुकानदार यातली कुठलीही जोडी काढून ठेवतो. मग ऐन सकाळी 'ही नको, ती दाखवा' सुरू होतं. आतला फुगीर परकर, छातीवर आवळून बांधायची छिमा, जोगोरीच्या समोरच्या लांब बंदांची एकाच बाजूला काढायची गाठ, सगळं पहिल्यापासून. एकीसाठी सगळा गट खोळंबतो आणि ग्वांगह्वामुन दरवाजापुढचा 10 वाजताचा पहारा बदलण्याचा सोहळा हुकतो. भाड्याचे तास मात्र चालूच राहतात.

म्हणून आम्ही निघण्याआधीच दोन्ही रंग लिहून घेतो. काहींना हा काच वाटतो, पण जोड्या आधी कळवलेल्या असल्या की सगळे वेळेत तयार होऊन बाहेर पडतात. आज तिथे कुणी रंगावरून हटकत नाही, हवी ती जोडी घाला. फक्त ती काय सांगते ते जाणून घाला.

जोगोरीची बाही जरूर निरखा. जुन्या रिवाजात बाहीची निळी पट्टी म्हणजे या बाईला मुलगा आहे, आणि जांभळे बंद म्हणजे नवरा हयात आहे. अशी जोगोरी हवी असेल तर शेऱ्यात लिहा, आम्ही दुकानात विचारून ठेवू.

पांढऱ्याला आमच्या पुष्कळ ताई-काकू नको म्हणतात. कोरियात पांढरा हा शतकानुशतकं सामान्य माणसाचा रोजचा रंग होता. सुतकाचा वेश वेगळा, न रंगवलेल्या भरड हेम्पचा (भांगेच्या झाडाच्या धाग्याचा). पांढरी जोगोरी आणि गडद छिमा फोटोत फार सुरेख दिसते, एकदा घालून बघाच.

पुरुषांना लाल झगा हवा असतो. छातीवर, पाठीवर आणि दोन्ही खांद्यांवर सोनेरी ड्रॅगन असलेला तो झगा राजाचा. पिवळा सम्राटाचा, राजा गोजोंगने 1897 मध्ये साम्राज्य घोषित केलं तेव्हा तो अंगावर घेतला.

लहान मुलांसाठी रंगीत पट्ट्यांच्या बाह्यांचा सेक्दोंग मागा. निळा पूर्वेचा, लाल दक्षिणेचा, पिवळा मध्याचा, पांढरा पश्चिमेचा, काळा उत्तरेचा, असे तिथे पाच मूळ रंग मानतात. या रंगीबेरंगी बाह्या मुलांना वाईटापासून राखतात अशी समजूत आहे, म्हणून पहिल्या वाढदिवसाला त्या आवर्जून घालतात. वयासोबत मुलाची उंचीही कळवा.

ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद असतो. तुमचा दिवस मंगळवारी आला तर आम्ही चांगदोकगुंग या दुसऱ्या राजवाड्याला नेतो; तिथेही हानबोक घातलेल्यांना तिकीट लागत नाही.