दूरशिक्षणाने दूर केलेले आणि नव्याने उभे केलेले अडथळे

ऑनलाइन शिक्षणामुळे विद्यार्थ्यांपुढील अडथळे कमी होतात, असे म्हणताना अंतर, वेळ, खर्च, प्रवेशाच्या अटी आणि अपंगत्व या सगळ्या गोष्टी एकाच दमात उच्चारल्या जातात. प्रत्यक्षात हे अडथळे एकदम दूर झालेले नाहीत. गेल्या पावणेदोनशे वर्षांत आलेल्या प्रत्येक माध्यमाने कोणाची ना कोणाची अडचण सोडवली आणि पुष्कळदा दुसऱ्या कोणाची तरी नव्याने निर्माण केली. आजच्या पडद्यावरील वर्गाचे गुणदोष समजण्यासाठी हा क्रम ध्यानात घ्यावा लागतो.

ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर कोठेही पत्र पाठवण्याची सोय झाली आणि त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी आपल्या लघुलिपीचे धडे टपालाने देण्यास प्रारंभ केला. विद्यार्थ्याने उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचा आणि तो तपासून त्याच्याकडे परत जायचा, अशी ती साधी पद्धत होती. परंतु शिकणारा आणि शिकवणारा एकाच वेळी एकाच जागी नसले तरी चालते, हे आजच्या रेकॉर्ड केलेल्या तासांमागचे तत्त्व तिच्यात पूर्णपणे आलेले होते. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये महाविद्यालयातील हजेरीची अट काढून बहिःस्थ विद्यार्थ्यांना परीक्षा खुल्या केल्या. मात्र विद्यापीठ परीक्षा घेई, शिकवणीची व्यवस्था ज्याची त्याने करायची. पदवीचा मार्ग मोकळा झाला तरी तेथवर पोचण्याचे साधन पदरी असावे लागे, आणि हा फरक पुढेही वारंवार दिसतो.

ती उणीव भरून काढण्याचा लक्षणीय प्रयत्न अमेरिकेत बॉस्टन येथे झाला. ॲना एलियट टिकनॉर यांनी १८७३ मध्ये घरी राहून अभ्यास करू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी एक संस्था काढली. स्वयंसेवी शिक्षिका दरमहा प्रत्येक विद्यार्थिनीला पत्र लिहीत, वाचनाची दिशा सांगत, आणि संस्थेच्या ग्रंथालयातून पुस्तके टपालाने पाठवली जात. संस्थेच्या सुमारे चोवीस वर्षांच्या काळात ७,००० हून अधिक स्त्रियांनी तिचा लाभ घेतला. घरकाम आणि मुलेबाळे सांभाळून मिळेल त्या वेळात शिकता येणे ही येथील मुख्य सोय होती. पण शिकणाऱ्या प्रत्येकीला नावाने ओळखणारे, तिच्या पत्राची वाट पाहणारे कोणीतरी दुसऱ्या टोकाला होते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पुढील काळातील कितीतरी महागड्या यंत्रणांना एवढेही साधलेले नाही.

अपंगत्वाचा विचार मागाहून आला, आणि तो एका शिक्षकाच्या स्वतःच्या अनुभवातून आला. पन्नाशी उलटल्यावर दृष्टी गमावलेले विल्यम हॅडली स्वतःच्या प्रयत्नाने ब्रेल शिकले आणि १९२० मध्ये त्यांनी इलिनॉय राज्यात दृष्टिहीनांसाठी टपालाने चालणारी शाळा सुरू केली. त्यांची पहिली विद्यार्थिनी कॅन्सासमधील एका शेतकऱ्याची पत्नी होती. तिलाही नजर गेल्यावर पुन्हा वाचायला शिकायचे होते.

अंतराचा प्रश्न सर्वांत तीव्र होता तो ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात, जेथे एकेका वस्तीपासून शाळा शेकडो किलोमीटर दूर असे. ॲलिस स्प्रिंग्ज येथे १९५१ मध्ये विमानाने दूरच्या रुग्णांपर्यंत जाणाऱ्या डॉक्टरांसाठी उभारलेल्या रेडिओ जाळ्यावरूनच मुलांचे वर्ग भरू लागले. मुलांना बाईंचा आवाज ऐकू येई, उलट प्रश्न विचारता येई आणि दूरच्या वर्गमित्रांची उत्तरेही कानी पडत. ज्याला ऐकू येत नाही अशा मुलासाठी मात्र तोच वर्ग टपालाच्या वर्गापेक्षा अधिक दुर्गम होता. ऑस्ट्रेलियाच्याच वाळवंटी भागात लहानपणी रेडिओवरून शिकलेले मार्टिन डूगियामस यांनी २००२ मध्ये ‘मूडल’ ही ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची मुक्त प्रणाली जगापुढे आणली, हा या इतिहासातील एक मनोज्ञ दुवा आहे.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये सुमारे २४,००० विद्यार्थ्यांसह अध्यापन सुरू केले, तेव्हा पूर्वशिक्षणाची अटच काढून टाकली. छापील पाठ, पहाटे किंवा रात्री उशिरा होणारे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम आणि गावोगावचे मार्गदर्शक अशी त्याची घडण होती, आणि पुढे अनेक देशांनी ती आपापल्या परीने उचलली.

संगणकाच्या बाबतीत प्रगती सरळ रेषेत झाली असे मानण्याची चूक सहज होते. पडद्यावर केवळ अक्षरे उमटत, त्या काळात ती मोठ्याने वाचणारी सॉफ्टवेअर तुलनेने सहज चालत. चित्रे, खिडक्या आणि माउस आले तसे दृष्टिहीनांना संगणक काही काळ पुन्हा परका झाला. ही घसरण रोखण्यासाठी वेबची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या संस्थेने १९९७ मध्ये सुगम्यतेचा, म्हणजे अपंगांनाही वेब वापरता यावे यासाठीचा, उपक्रम हाती घेतला आणि १९९९ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, ज्यांतील पहिलेच तत्त्व असे होते की दृश्य आणि श्राव्य मजकुराला समतुल्य पर्याय द्यावा. कर्णबधिरांच्या वाट्यालाही असाच अनुभव आला. लेखी चर्चेत ते इतरांच्या बरोबरीने होते, पण २०१२ च्या सुमारास व्हिडिओ व्याख्यानांवर आधारलेले, ‘सर्वांसाठी खुले’ म्हणवणारे प्रचंड ऑनलाइन अभ्यासक्रम आले आणि त्यांतील बोलणे त्यांच्यापर्यंत पोचेना. अमेरिकेतील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांवर ऑनलाइन व्हिडिओंना कॅप्शन, म्हणजे बोलणे पडद्यावर अक्षरांत दाखवणाऱ्या ओळी, नसल्याबद्दल दावे दाखल केले. अनुक्रमे २०१९ आणि २०२० मध्ये तडजोड होऊन कॅप्शन देण्याचे बंधन दोन्ही संस्थांनी स्वीकारले. ‘सर्वांसाठी खुले’ या घोषणेतील ‘सर्व’ कोण, हे ठरवायला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

सुगम्यतेच्या या आग्रहामागची वैचारिक भूमिका मॅसॅच्युसेट्समधील ‘कास्ट’ या संस्थेच्या कामात घडलेली दिसते. १९८४ मध्ये सुरू झालेली ही संस्था आरंभी अपंग मुलांना संगणकाच्या साहाय्याने पाठ्यपुस्तके वापरायला शिकवीत असे. हळूहळू तिच्या लक्षात आले की दुरुस्ती पुस्तकाची करायला हवी, कारण एकाच रूपात बांधलेला पाठ हाच मुळात अपुरा आहे. आशय अनेक रूपांत मांडावा, उत्तर देण्याचेही अनेक मार्ग ठेवावेत आणि हे सर्व पाठ रचतानाच करावे, हा तिचा आग्रह आज ऑनलाइन अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या परिचयाचा झाला आहे.

कोविडच्या महासाथीत, २०२० मध्ये, युनेस्कोच्या अंदाजानुसार सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांचे शिक्षण विस्कळीत झाले. त्याच वर्षी युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने दाखवून दिले की ३ ते १७ वयोगटातील दोन तृतीयांश, म्हणजे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेटच नव्हते. पेनीचे टपाल कोणालाही परवडत असे, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

वेबच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. स्मरणशक्ती किंवा आकलन यांच्या अडचणी असलेल्यांसाठी तिच्यात नवा निकष आहे: लॉगिन करण्यासाठी पासवर्ड पाठ असणे किंवा कोडे सोडवता येणे एवढाच एक मार्ग ठेवू नये. म्हणजे व्याख्यान, चित्र आणि कॅप्शन यांच्या आधी, वर्गाच्या उंबरठ्यावरच एक अडथळा होता, आणि त्याची नोंद व्हायला २०२३ साल उजाडावे लागले.