ड्युटीबाहेरची दारू आणि नर्सचा परवाना : कॅलिफोर्नियातील प्रोबेशनमागचा इतिहास

मुंबई-पुण्यात ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’मध्ये पकडले गेल्यावर काय होते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. गाडी जप्त होते, कोर्टाची तारीख पडते, दंड भरावा लागतो, लायसन्स काही महिने निलंबित होते. पकडलेला माणूस बँकेत असो की रुग्णालयात, प्रकरण वाहतूक पोलीस आणि कोर्ट यांच्या पलीकडे सहसा जात नाही. कॅलिफोर्नियातल्या रजिस्टर्ड नर्सची गोष्ट वेगळी आहे. तिथे अटक झाली की बोटांच्या ठशांवरून राज्याच्या न्याय विभागाची सूचना राजधानी सॅक्रामेंटोतल्या ‘बोर्ड ऑफ रजिस्टर्ड नर्सिंग’कडे, म्हणजे नर्सना परवाने देणाऱ्या मंडळाकडे जाते. फौजदारी कोर्टातला खटला संपून दंड भरून झाल्यावर, कधी वर्ष-दोन वर्षांनी, मंडळाकडून आरोपपत्र येते. त्याचा शेवट अनेकदा एका ठरावीक वाक्यात होतो: परवाना रद्द करण्यात येत आहे, त्या आदेशाला स्थगिती देण्यात येत आहे आणि परवानाधारकास तीन वर्षांच्या प्रोबेशनवर ठेवण्यात येत आहे. म्हणजे परवाना हातात राहतो, पण मंडळाच्या अटींवर आणि देखरेखीखाली. रुग्णाला काहीही झालेले नसते. ती नर्स तेव्हा ड्युटीवरही नसते.

ही पद्धत एका कायद्यातून जन्मलेली नाही. तिच्यामागे शंभर-दीडशे वर्षांचे दोन स्वतंत्र प्रवाह आहेत. एक चारित्र्य तपासणारा, दुसरा आजार ओळखून उपचार देऊ पाहणारा. २००८-०९ च्या सुमारास हे दोन्ही एकमेकांत मिसळले. त्या मिश्रणात पहिल्याची जरब टिकली आणि दुसऱ्याची गोपनीयता गेली, असे माझे मत आहे.

नर्स आणि दारू यांचे नाते परवान्यापेक्षा जुने आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पगारी नर्सची प्रतिमाच दारुडी बाई अशी होती. ती किती खरी आणि किती मध्यमवर्गाच्या तुच्छतेतून आलेली, हा वेगळा प्रश्न. पण क्रिमियन युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयातून काही नर्सना दारूपायीच परत पाठवले होते. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा शिकाऊ नर्सकडून अपेक्षित गुणांची यादीच छापून दिली जाई. त्या यादीत प्रामाणिकपणा, सत्यवचन, वक्तशीरपणा, स्वच्छता हे सगळे होते, आणि सगळ्यात आधी होते ते दारूपासून दूर राहणे. नर्सिंगला प्रतिष्ठा मिळाली ती याच अटीवर. त्यामुळे या व्यवसायाने स्वतःवर ठेवलेली नजर बाहेरच्यांपेक्षा नेहमीच कडक राहिली.

नोंदणीचे कायदे आले तेव्हा हीच नजर त्यांत उतरली. नर्सच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा करणारा पहिला देश न्यूझीलंड, १९०१ साली. अमेरिकेत १९०३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने सुरुवात केली, कॅलिफोर्नियात कायदा १९०५ मध्ये आला आणि १९३९ मध्ये ‘नर्सिंग प्रॅक्टिस अ‍ॅक्ट’ झाला. हे जुने कायदे परीक्षेच्या बरोबरीने ‘चांगल्या नैतिक चारित्र्या’ची अट घालत. आज कॅलिफोर्नियात ४ लाखांहून अधिक रजिस्टर्ड नर्स आहेत आणि त्यांच्यासाठी कळीचे कलम २७६२ हे आहे. मादक द्रव्य किंवा दारू स्वतःला, दुसऱ्याला वा जनतेला धोका होईल अशा रीतीने वापरणे हे त्या कलमानुसार व्यावसायिक गैरवर्तन ठरते. दारूच्या सेवनाशी संबंधित गुन्ह्यात शिक्षा होणे हे त्याच कलमातले आणखी एक कारण. ड्युटीवर असताना, रुग्णासमोर, गणवेशात अशी कुठलीच मर्यादा त्यात नाही.

दुसरा प्रवाह १९३५ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झाला. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या दोन संस्थापकांपैकी एक, डॉ. बॉब स्मिथ, स्वतः शल्यचिकित्सक होते. डॉक्टरी पेशातल्या व्यसनाची गोष्ट या चळवळीच्या उगमापाशीच आहे. १९५६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यपाश हा आजार मानला. १९७३ मध्ये त्याच संघटनेने आजारी डॉक्टरांचा प्रश्न उघडपणे मांडला, आणि व्यसनी डॉक्टरला हाकलण्याऐवजी उपचार देऊन परत कामावर आणायचे, हा विचार राज्योराज्यी पसरला. नर्सना ही सवलत मिळायला जवळपास दहा वर्षे लागली. अमेरिकन नर्सेस असोसिएशनचा ठराव १९८२ चा. पुढच्या वर्षी फ्लोरिडाने पहिला राज्यस्तरीय कार्यक्रम काढला आणि १९८४ च्या कायद्यानुसार कॅलिफोर्नियात ‘डायव्हर्जन प्रोग्रॅम’ आला. डॉक्टर आधी, नर्स नंतर: या क्रमाचे रुग्णालयात काम केलेल्या कुणाला नवल वाटणार नाही.

डायव्हर्जनमध्ये नर्स स्वतःहून किंवा मंडळाच्या सूचनेवरून येई. काम काही काळ थांबवायचे, उपचार घ्यायचे, नियमित चाचण्या द्यायच्या, गटबैठकांना जायचे, आणि सावरल्यावर निर्बंधांसह कामावर परतायचे. कार्यक्रम पूर्ण केला तर जाहीर शिक्षा नाही आणि नोंदीही नष्ट. त्यामागचा हिशेब व्यवहारी होता. शिक्षेच्या भीतीने नर्स व्यसन लपवेल आणि लपलेले व्यसन रुग्णाला अधिक धोक्याचे, म्हणून बाहेर येण्याची वाट सोपी करायची.

इथे दारू आणि इतर अमली औषधे यांतला एक फरक लक्षात घ्यायला हवा. वॉर्डात मॉर्फिनचे अ‍ॅम्प्यूल मोजले जातात, प्रत्येकाची नोंद आणि सही असते. कुणी चोरत असेल तर हिशेबातली तफावत आज ना उद्या दिसते. दारू रुग्णालयाच्या कपाटातली नसते, ती कोपऱ्यावरच्या दुकानातली असते. तिचा माग लावणारे रजिस्टर नाही. म्हणून नर्सचे दारूचे प्रकरण बहुतेकदा पहिल्यांदा दिसते ते रस्त्यावर, आणि ते पाहणारा पहिला माणूस असतो पोलीस.

रस्त्यावरचे वातावरणही त्याच दशकात बदलत होते. १९८० मध्ये मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली मुलगी गमावलेल्या कँडेस लाइटनर यांनी कॅलिफोर्नियात ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग’ ही संघटना उभी केली. तोवर ‘जरा जास्त झाली’ म्हणून हसण्यावारी नेला जाणारा प्रकार काही वर्षांत सामाजिक गुन्हा बनला. १९९० पासून कॅलिफोर्नियात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के झाली. (भारतातली मर्यादा त्याहून कडक, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. कागदावर आपण पुढे आहोत!) साधारण त्याच वेळी, नव्याने परवाना घेणाऱ्या नर्सचे ठसे राज्याच्या गुन्हे नोंदींशी जोडले जाऊ लागले. त्याआधी परवाना घेतलेल्यांचे ठसे मात्र घेतलेच नव्हते. ही फट पुढे महागात पडली.

एक प्रश्न तोवर अनुत्तरित होता. खासगी आयुष्यातल्या वर्तनावरून व्यवसायाचा परवाना काढता येतो का? कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये एका शिक्षकाच्या प्रकरणात याची चौकट घालून दिली होती: खासगी वर्तन अनैतिक वाटते एवढ्यावर परवाना काढता येणार नाही, त्या वर्तनाचा कामाच्या पात्रतेशी संबंध असला पाहिजे. समलिंगी संबंधांवरून शिक्षकाची सनद हिरावण्याच्या विरोधात दिलेला हा निकाल तेव्हा धाडसी होता आणि पुढे प्रत्येक परवानाधारकाच्या वकिलाच्या हातातली ढाल ठरला.

दारूच्या बाबतीत ही ढाल टिकली नाही. २००२ मध्ये अपील न्यायालयापुढे एका डॉक्टरचे प्रकरण आले. दारू पिऊन गाडी चालवण्यावरून त्याला एकाहून अधिक वेळा शिक्षा झाली होती, रुग्णाची तक्रार एकही नव्हती. न्यायालय म्हणाले, संबंध आहे. धोका माहीत असूनही असे पुन्हा पुन्हा करणारा माणूस निर्णयक्षमतेत कमी पडतो, आणि रुग्णाला इजा होईपर्यंत मंडळाने थांबावे अशी अपेक्षा करता येणार नाही. दहा वर्षांनी, २०१२ मध्ये, पाळी नर्सची आली. या वेळी शिक्षा एकदाच झालेली, तीही ड्युटीबाहेर. मंडळाने तीन वर्षांचे प्रोबेशन दिले, कनिष्ठ न्यायालयाने संबंध सिद्ध होत नाही म्हणून ते उचलले, अपील न्यायालयाने ते पुन्हा लागू केले. विधिमंडळाने कलमातच हे गैरवर्तन ठरवले आहे, तेव्हा वेगळा संबंध दाखवण्याची गरज नाही, असा त्याचा आशय.

कायद्याच्या दृष्टीने मला या निकालात खोट दिसत नाही. औषधाचा डोस मोजणाऱ्या हाताबद्दल राज्याने काळजी करावी हे रास्तच. अडचण पुढे आहे. कारवाई करता येते हे ठरले, पण एकदा चुकलेल्यावर आणि व्यसनात बुडालेल्यावर सारखीच कारवाई करावी का, याचे उत्तर कोर्टाने द्यायचे नव्हते. ते उत्तर नेमके याच काळात राजकारणाने देऊन टाकले होते.

आधी डॉक्टरांचा डायव्हर्जन कार्यक्रम कोसळला. लेखापरीक्षणांत पुन्हा पुन्हा त्रुटी निघाल्यावर कॅलिफोर्नियाच्या मेडिकल बोर्डाने जून २००८ अखेर तो बंदच केला. त्याच वर्षी राज्याचे सिनेटर मार्क रिडली-थॉमस यांचे सिनेट बिल १४४१ मंजूर झाले: आरोग्यसेवेतल्या सगळ्या परवाना मंडळांनी व्यसनाच्या प्रकरणांत एकसमान मानके पाळावीत. मग चार्ल्स ऑर्नस्टीन आणि ट्रेसी वेबर या पत्रकारांची ‘प्रोपब्लिका’ आणि ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मधली शोधमालिका आली. शिक्षा झालेल्या नर्स मंडळाला पत्ता न लागता काम करत होत्या, कारण जुन्या परवानाधारकांचे ठसेच नव्हते. तक्रारीपासून कारवाईपर्यंत सरासरी तीन वर्षांहून अधिक काळ जात होता. डायव्हर्जनमध्ये अपयशी ठरलेल्या नर्सही रुग्णांपर्यंत पोहोचत होत्या. जुलै २००९ मध्ये मुख्य लेख छापून येताच गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी मंडळातले बहुतेक सदस्य बदलून टाकले आणि पाठोपाठ कार्यकारी अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. जुन्या परवानाधारकांकडूनही ठसे मागितले गेले.

एकसमान मानके या संतापाच्या छायेत २०११ पर्यंत पक्की झाली. पहिल्या वर्षी ५२ ते १०४ अचानक चाचण्या. दुसऱ्या वर्षापासून ३६ ते १०४. म्हणजे प्रोबेशनवरच्या नर्सने रोज सकाळी आपला नंबर लागला आहे का ते तपासायचे, आणि लागला असेल तर त्याच दिवशी केंद्रावर जाऊन, कुणाच्या देखरेखीखाली, लघवीचा नमुना द्यायचा. चाचणी चुकली तर तो नियमभंग. पॉझिटिव्ह आली तर काम तत्काळ बंद. शिवाय शारीरिक आणि मानसिक तपासणी, गटबैठका, तिमाही अहवाल, मालकाला आदेशाची प्रत, कामावर पर्यवेक्षक. एजन्सीमार्फत किंवा घरोघरी जाऊन काम करायला मनाई, पण ठरावीक तास नर्स म्हणून काम करण्याची सक्ती. प्रोबेशनवरच्या नर्सला घ्यायला रुग्णालये कचरतात, आणि काम मिळाले नाही तर प्रोबेशन पुढे सरकत नाही! चाचण्यांचा खर्च तिचाच, मंडळाच्या चौकशीचा खर्चही बहुधा तिच्याच माथी.

चाचणीचीही स्वतःची कथा आहे. साधी अल्कोहोल चाचणी काही तासांपुरतीच उपयोगी, म्हणून २००० नंतर ‘ईटीजी’ म्हणजे एथिल ग्लुकुरोनाइड या पदार्थाचा शोध घेणारी चाचणी लोकप्रिय झाली. ती दोन-तीन दिवसांपूर्वीचे सेवनही पकडते. ती इतकी संवेदनशील निघाली की हाताला लावायचे सॅनिटायझर, माउथवॉश, खोकल्याचे औषध यांमुळेही निकाल पॉझिटिव्ह येऊ लागले. दिवसातून कित्येकदा सॅनिटायझर वापरणे हे ज्यांचे कामच, त्या नर्सवर ही चाचणी लावली जात होती. २००६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल आरोग्य यंत्रणेने सूचना काढून सांगितले की केवळ या चाचणीवर कुणावरही कारवाई करू नये. पुढे ‘पेथ’ ही रक्तचाचणी जोडीला आली. ती काही आठवड्यांतले खरे पिणे दाखवते आणि सॅनिटायझरला सहसा फसत नाही.

भारतातून गेलेल्या नर्सच्या वाट्याला याखेरीज आणखी एक पदर येतो. २०१५ पासून अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या धोरणानुसार दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो, शिक्षेची वाट पाहावी लागत नाही. व्हिसावर असलेल्या नर्सला तेव्हा फौजदारी कोर्ट, नर्सिंग मंडळ आणि वाणिज्य दूतावास अशा तीन ठिकाणी एकाच रात्रीचा जबाब द्यावा लागतो. फौजदारी वकिलाने स्वस्तात मिटवून दिलेला कबुलीजबाब उरलेल्या दोन ठिकाणी पुरावा म्हणून उभा राहतो, हे अनेकांना फार उशिरा कळते.

अलीकडे वारा थोडा फिरला आहे. जुलै २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने नवा परवाना मागणाऱ्यांना सवलत दिली: काही गंभीर गुन्हे सोडले तर सात वर्षांपूर्वीच्या शिक्षेवरून अर्ज नाकारता येत नाही. डायव्हर्जनचे नावही आता ‘इंटरव्हेन्शन प्रोग्रॅम’ आहे. आधीच परवाना असलेल्यांवर होणारी कारवाई मात्र त्या सवलतीत नीटशी बसत नाही. एखादे प्रकरण दंडाच्या नोटिशीवर किंवा जाहीर समजेवर मिटते, पण आदेश निघाला की तो मंडळाच्या संकेतस्थळावर, ‘नर्सिस’ (Nursys) या नर्सच्या परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदीत आणि अशा कारवायांची नोंद ठेवणाऱ्या फेडरल डेटा बँकेत जातो, आणि दुसऱ्या राज्यात परवाना मागताना तिथले मंडळ तो वाचते. तीन वर्षांच्या प्रोबेशनमधून लवकर सुटका हवी असेल तर दोन वर्षे पूर्ण झाल्यावर अर्ज करता येतो. तिथे तोवरच्या सगळ्या चाचण्यांचे निकाल समोर ठेवले जातात, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी मंडळावर नसते, नर्सवर असते.