प्रशासकीय मान्यता आली म्हणजे काम सुरू का? एए आणि टीएस यातला फरक, एकदा नीट

गेल्या आठवड्यात एका नवीन निवडून आलेल्या ताईंचा फोन आला, म्हणाल्या दादा आमच्या गल्लीतल्या गटाराला मान्यता मिळालीये ना, मग जेसीबी कधी येणार? मी विचारलं कुठली मान्यता मिळालीये, तर म्हणाल्या मान्यता म्हणजे मान्यताच की, दोन असतात का? असतात ताई, दोन असतात, आणि हा प्रश्न फक्त त्यांचा नाही. नुकतेच जॉइन झालेले मुख्याधिकारी, लेखा विभागातली पोरं, अगदी काही ज्युनिअर इंजिनिअरसुद्धा प्रशासकीय मान्यता (एए) आणि तांत्रिक मान्यता (टीएस) एकाच श्वासात घेतात. ऑफिसात आपण एए झाली, टीएस झाली असं भराभर बोलून मोकळे होतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं एकाच कागदावर दोन शिक्के मारायचेत. मी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात बरीच वर्षं फायली फिरवल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आत्ताच लिहायचं कारण पण सांगतो. 2 आणि 20 डिसेंबर 2025 ला नगरपरिषदा-नगरपंचायतींचं मतदान झालं, 15 जानेवारी 2026 ला 29 महापालिकांचं झालं. त्याआधी बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं प्रशासक होते, मुंबईत तर मार्च 2022 पासून. प्रशासकाच्या काळात सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच माणसाकडे, आणि तो माणूस बहुतेक वेळा आयुक्त, मुख्याधिकारी नाहीतर प्रांतसाहेब. म्हणजे प्रस्ताव ठेवणारा तोच, मंजूर करणारा तोच. त्या काळात भरती झालेल्या आपल्या सहकाऱ्यांनी सभेत विषय मांडला जातोय, सूचक-अनुमोदक उभे राहतायत, विरोध नोंदवला जातोय, हे कधी बघितलंच नाही. त्यांना एए म्हणजे साहेबांची सही एवढंच माहीत, आता ती सही परत सभागृहात गेलीये.

तर प्रशासकीय मान्यता म्हणजे काय. हे काम गावाला हवंय, ते करायचा आपल्याला अधिकार आहे, त्यासाठी अमुक निधीतून साधारण एवढे पैसे खर्च करायला आमची हरकत नाही, असं सक्षम प्राधिकाऱ्याने म्हणणं. हा निर्णय इंजिनिअरचा नाही. नगरपरिषदेचा स्वतःचा निधी असेल तर सभेचा ठराव, महापालिकेत रकमेप्रमाणे आयुक्त, स्थायी समिती किंवा महासभा, जिल्हा नियोजनचा निधी असेल तर जिल्हाधिकारी, राज्याच्या मोठ्या योजनेत थेट मंत्रालयातून शासन निर्णय. इथे विचारायचे प्रश्न असे की गटार आधी की रस्ता आधी, या वॉर्डात की त्या वॉर्डात, जागा आपली आहे का, विकास योजनेत तिथे काय दाखवलंय, रस्ता सार्वजनिक बांधकामचा असेल तर त्यांची ना हरकत आहे का, आणि ज्या हेडमधून, म्हणजे खर्चाच्या ज्या खात्यातून, पैसे टाकतोय त्या हेडमध्ये हे काम बसतं का. हा शेवटचा प्रश्न फार लोक विसरतात. पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच होता, त्यातून काँक्रीट रस्ता केला तर रस्ता कितीही चांगला होऊ दे, ऑडिटला आक्षेप येणारच.

तांत्रिक मान्यता म्हणजे वेगळंच. काम करायचं ठरलंय तर ते कसं करायचं, डिझाइन बरोबर आहे का, मोजमापं खरी आहेत का, दर चालू दरसूचीप्रमाणे, म्हणजे शासनाच्या ठरलेल्या दरांच्या यादीप्रमाणे, लावलेत का, दरसूचीत नसलेल्या आयटमचं रेट अ‍ॅनालिसिस जोडलंय का, खडी-वाळू किती किलोमीटरवरून येणार त्याचा लीड खरा धरलाय का. हे फक्त तांत्रिक माणूसच सांगू शकतो. आपल्या अधिकारात असेल तर नगर अभियंता, त्यावर गेलं की पाण्या-मलनिस्सारणाच्या कामाला जीवन प्राधिकरण, रस्ते-इमारतींना सार्वजनिक बांधकाम, आणि तिथेही रक्कम वाढली की उपअभियंत्यावरून कार्यकारी, कार्यकारीवरून अधीक्षक अभियंता. मुख्याधिकारी कितीही सीनिअर असू दे, सभागृह एकमताने उभं राहू दे, टीएस ते देऊ शकत नाहीत. सभेने ठराव करून काँक्रीटची ताकद वाढत नाही ना. आणि उलटंही तेवढंच खरं, अधीक्षक अभियंत्याने टीएस दिली म्हणून काम करायचा अधिकार मिळत नाही.

गोंधळ वाढायला आपली भाषा पण थोडी कारणीभूत आहे. अंदाजपत्रक हा शब्द आपण वर्षाच्या बजेटला वापरतो आणि कामाच्या इस्टिमेटला पण तोच. त्यामुळे अंदाजपत्रक मंजूर झालं असं कोणी म्हणालं की फेब्रुवारीतल्या बजेट सभेत तरतूद झाली, की कामाच्या इस्टिमेटला सही झाली, हे विचारल्याशिवाय कळतच नाही. बजेटमध्ये 50 लाखाची तरतूद असणं म्हणजे एए नाही, टीएस तर नाहीच, ती फक्त पाटी आहे की या हेडखाली एवढे पैसे ठेवलेत. मी नवीन पोरांना सांगतो फाइलवर लिहिताना बजेट आणि इस्टिमेट असं सरळ लिहा, मराठी कमी झाली तरी चालेल पण घोळ नको.

आता एक खरं उदाहरण सांगतो, गावाचं नाव सांगत नाही. 400 मीटरचं गटार होतं. सभेसाठी विषय घाईत गेला, मीटरला 5,000 धरून 20 लाखाचं ढोबळ इस्टिमेट, ठराव झाला, एए झाली. मग सविस्तर इस्टिमेटसाठी लेव्हल घेतल्या, म्हणजे जागेचे चढ-उतार मोजले, तेव्हा लक्षात आलं की गटाराच्या सुरुवातीपासून नाल्याच्या तळापर्यंत जेमतेम सव्वा मीटरचा उतार मिळतोय, 400 मीटरला सव्वा मीटर म्हणजे 320 ला 1, फारच सपाट, पाणी हळू वाहणार आणि गाळ बसणार, म्हणून गटार रुंद घ्यायला हवं. त्यात दोन ठिकाणी खोदून बघितलं तर मीटरभर खाली कठीण खडक. शिवाय जुनी पाण्याची लाइन बरोबर मधोमध, ती सरकवायला हवी. सगळं धरून आकडा 24 लाख 60 हजारावर गेला. खरं इस्टिमेट तेच होतं.

इथे काय करायला पाहिजे होतं, तर सरळ सुप्रमा. सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे परत सभेपुढे जायचं, सांगायचं की बाबांनो आधी 20 म्हणालो होतो, आता 24.6 लागतायत, कारणं ही अशी, मंजूर करा किंवा लांबी कमी करा. थोडी लाज वाटते, दीडेक महिना जातो, पण बरोबर मार्ग तोच. तसं झालं नाही. पावसाळा तोंडावर होता, पुढची सभा लांब होती, आणि वरून दबाव की 20 च्या आत बसवा. मग इस्टिमेट मागून पुढे लिहिलं गेलं, आधी 20 हा आकडा आणि मग त्यात बसतील अशी मापं. भिंतीची जाडी 15 सेंटीमीटरची 10 झाली, रुंदी होती तेवढीच ठेवली, खडकाचं प्रमाण कमी दाखवलं, पाइपलाइन तशीच राहू दिली. कागद स्वच्छ दिसत होता म्हणून टीएसला अडलं नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात गटार तुंबून पाणी ओळीने घरांत गेलं. एका म्हाताऱ्या आजीच्या घरातलं वर्षाचं धान्य भिजलं, मी पंचनाम्याला गेलो होतो, त्या मला काही बोलल्या नाहीत, फक्त पोतं उघडून दाखवलं. त्या फाइलवर माझीपण एक सही होती. तेव्हापासून एएच्या आकड्यात बसवा हे वाक्य ऐकलं की मी तिथेच थांबवतो. एएचा आकडा ही खर्चाची मर्यादा आहे, त्यावरून डिझाइन काढायचं नसतं, आकडा पुरत नसेल तर आकडा वाढवून आणायचा किंवा काम लहान करायचं.

किती वाढ झाली की सुप्रमा लागते? केंद्राच्या बांधकाम खात्यात एएच्या 10 टक्क्यांवर गेलं की सुधारित मान्यता असा जुना नियम आहे, आपल्याकडे योजना आणि निधीप्रमाणे शासन निर्णय वेगवेगळे असतात, म्हणून ज्या योजनेत काम आहे तिचाच निर्णय काढून बघा, शेजारच्या पालिकेत काय करतात ते विचारून चालत नाही. आणि आकडा दरवेळी कोणाच्या चुकीनेच वाढतो असंही नाही. 18 जुलै 2022 पासून स्थानिक संस्थांच्या बांधकाम कंत्राटांवरचा जीएसटी 12 चा 18 टक्के झाला. ज्या 50 लाखाच्या कामाची एए 6 लाख कर धरून 56 ला घेतली होती तेच काम एका रात्रीत 59 ला गेलं, वीट न वाढता. दरसूची बदलली की तसंच होतं. म्हणून एए घेऊन फाइल दोन-दोन वर्षं कपाटात ठेवू नका.

उलट्या बाजूचं उदाहरण छोटं आहे. एका ठिकाणी समाजमंदिराचं सुंदर डिझाइन, टीएस अगदी वेळेत, निविदा पण झाली, आणि पायाला चर मारायला गेले तर जागेचा मालक कागद घेऊन उभा. इस्टिमेट तपासणारा साहेब भिंती आणि स्लॅब बघतो, मिळकतीचा उतारा बघणं त्याचं काम नसतं, ते एएच्या टप्प्यावर बघायचं होतं आणि कोणी बघितलं नाही.

आता क्रम. पुस्तकात असा की ढोबळ इस्टिमेट, त्यावर एए, मग सविस्तर इस्टिमेट, त्यावर टीएस, मग निविदा, मग कार्यादेश. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम 136 वाचा, एए नाही, खर्चाची मंजुरी नाही, सविस्तर डिझाइन आणि इस्टिमेट मंजूर नाही, निधी नाही, तर काम सुरूच करायचं नाही असं तिथे स्वच्छ लिहिलंय, तो केंद्राचा नियम असला तरी समजून घ्यायला त्याइतकं सोपं दुसरं काही नाही. पण आपल्याकडे नगरोत्थान वगैरे राज्याच्या योजनांचे प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात टाकताना टीएस झालेलं इस्टिमेटच जोडायला सांगतात, म्हणजे टीएस आधी आणि एए नंतर. त्यामुळे नवीन माणूस गोंधळतो की नक्की आधी काय. दोन्ही चालतं, योजनेप्रमाणे. यात एक फायदा पण आहे, एए पक्क्या आकड्यावर होते. तोटा असा की काम मंजूर होईल की नाही हे माहीत नसताना इंजिनिअरचे महिने आणि तपासणी शुल्क खर्च होतात. मला विचाराल तर लहान पालिकेत टीएस आधी हेच बरं, कारण तिथे ढोबळ इस्टिमेट फारच ढोबळ असतं. फक्त काहीही झालं तरी निविदा निघायच्या आधी दोन्ही हातात पाहिजेत. निविदेनंतरच्या तारखेची टीएस फाइलला लावलेली मी बघितलीये आणि ऑडिटरने ती पहिल्या पाच मिनिटांत शोधलेली पण बघितलीये.

अजून एक, ज्याबद्दल कोणी उघड बोलत नाही. टीएस वरच्या ऑफिसला जाऊ नये म्हणून एकाच रस्त्याचे तीन तुकडे करायचे, चौकापासून देवळापर्यंत, देवळापासून शाळेपर्यंत, अशी तीन कामं दाखवायची म्हणजे तिन्ही आपल्याच अधिकारात. हे करू नका. वेळ वाचतो असं वाटतं पण तीन तुकड्यांच्या लेव्हल तीन वेगळ्या होतात, आणि वरचा अनुभवी डोळा जी चूक पकडणार होता ती पकडायला कोणी राहत नाही.

नगरसेवक मंडळींसाठी पण एक सांगतो. ठराव झाला म्हणजे एए पक्की असंही नेहमी नसतं. नगरपरिषदेच्या ठरावाला 1965 च्या अधिनियमातल्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी स्थगिती देऊ शकतात, महापालिकेच्या ठरावाला 1949 च्या महापालिका अधिनियमातल्या कलम 451 खाली राज्य शासन. त्यामुळे लोकांना तारीख सांगायच्या आधी ऑफिसात येऊन फाइल बघा, ती तुमचीच आहे.

यशदाला (पुण्यातली अधिकाऱ्यांची प्रशिक्षण संस्था) किंवा अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेच्या वर्गाला जायची संधी मिळाली तर हा प्रश्न तिथे जरूर काढा, वेगवेगळ्या पालिकांतली माणसं एकत्र बसली की कोणाकडे काय चालतं ते कळतं. तोवर एवढं करा, प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर एए चा क्रमांक, तारीख, रक्कम, कोणी दिली, आणि त्याखाली टीएस चा क्रमांक, तारीख, रक्कम, कोणी दिली, अशा दोन ओळी हाताने लिहून ठेवा. दोन रकमांत फरक दिसला तर तिथेच थांबून विचारा.

त्या ताईंची फाइल मी संध्याकाळी काढून बघितली. एए आहे, टीएसची ओळ रिकामी. फोन करून तसंच सांगितलं आणि म्हणालो सोमवारी लेव्हल घ्यायला मुलं येतायत, तुम्ही पण या, पाणी नक्की कुठे तुंबतं ते तुमच्याइतकं आम्हाला माहीत नाही. म्हणाल्या येते, आणि शेजारच्या काकूंना पण आणते, त्या तिथे चाळीस वर्षं राहतायत.