काष्ठौषधींचे दुकान : जतन व पाहणी

वाळलेली मुळे, साली, फळे, डिंक आणि काही खनिजे सुटी विकणारे, पुडी बांधून देणारे दुकान. साताऱ्या-सांगलीकडे पूजासाहित्य आणि बाळगुटीही बहुधा तिथेच मिळते.

वजने : जुन्या काट्याशेजारी गुंजांची (वजन म्हणून वापरायच्या लाल-काळ्या बियांची) डबी हवीच. बाजारचा हिशेब ८ गुंजांचा मासा व १२ माशांचा तोळा (११.६६ ग्रॅम) असा. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदग्रंथातील (बहुधा चौदावे शतक) मागधमानात, म्हणजे वजनाच्या एका पद्धतीत, मात्र मासा ६ गुंजांचा आणि कर्ष हे जुने माप १६ माशांचे. मासा वेगळा असला तरी कर्ष आणि तोळा दोन्ही ९६ गुंजांचेच भरतात. त्यामुळे कर्ष म्हणजे तोळा हे मत अधिक पटते. त्याच ग्रंथातील कालिंगमान या दुसऱ्या पद्धतीत मासा ८ गुंजांचा धरला तर १० माशांचा कर्ष ८० गुंजांवरच थांबतो. जुनी यादी वाचताना मान न पाहिल्यास प्रमाण सहाव्या हिश्शाने चुकते. सरकारी योगसंग्रहात (आयुर्वेदिक औषधांच्या पाठांच्या अधिकृत संग्रहात) कर्ष सरळ १२ ग्रॅम धरला आहे.

नमुने : खणावरच्या चिठ्ठीवर विसंबू नये. महाराष्ट्रात ‘तांबडे नागकेशर’ म्हणून सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या विकल्या जातात. खरे नागकेशर म्हणजे वेगळ्याच झाडाचे पुंकेसर. रास्ना या औषधी वनस्पतीचा घोळ याहून मोठा. दक्षिणेत त्या नावाने कोळिंजनाच्या जातीचा कंद देतात. हिरडा फोडून पाहावा : बाळहिरडा काळा, आठळी न धरलेला, सुरवारी मोठा, पिवळसर, आत टणक आठळी.

खनिजे : मनशीळ (आर्सेनिकचे लाल खनिज) उजेडात पिवळी भुकटी होऊन झडते, हिंगूळ (पाऱ्याचे लाल खनिज) काळवंडतो; दोन्ही बंद खणातच ठेवावेत. नवसागर दमट हवेत पाझरतो आणि त्याने पितळी पारडी हिरवी पडतात, म्हणून तो काट्यापासून लांब. मनशीळ, बचनाग (एक विषारी मूळ) व गुंजा विषारी म्हणून काचेआड असाव्यात. फुटलेली गुंज पोटात गेल्यास जिवावर बेतते.

कीड व ओल : सुंठ आणि ज्येष्ठमध यांना बारीक तपकिरी भुंगेरे लवकर लागतात. डांबरगोळ्या टाकल्या की दुकानाचा मूळ वासच मरतो. त्यापेक्षा नमुना हवाबंद पिशवीत उणे २०° सेल्सिअसला आठवडाभर ठेवावा आणि बाहेर काढल्यावर थंडपणा पूर्ण गेल्याशिवाय पिशवी उघडू नये, नाहीतर आत दव धरते. पावसाळ्यात खण फुगून अडकतात. ओढाताण केल्यास तळफळी निखळते. सांगलीत कृष्णेच्या पुराचाही विचार करावा लागतो. २००५ आणि २०१९ साली पाणी पेठांत शिरले होते, म्हणून खणांची खालची रांग रिकामी ठेवलेली बरी.