तिकिटावरची अक्षरं कुठून आली: पीएनआर, आरएसी आणि वेटिंगचे प्रकार

पीएनआर हा मूळचा विमान कंपन्यांचा शब्द, ‘पॅसेंजर नेम रेकॉर्ड’: प्रवाशाच्या बुकिंगची संगणकातली नोंद. विमानाचा पीएनआर सहा अक्षर-अंकांचा, रेल्वेचा दहा आकड्यांचा. आपल्या रेल्वेत संगणकीय आरक्षण १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झालं. त्याआधी सगळं वहीत हाताने लिहिलं जाई.

खरी गुंतागुंत वेटिंगची. गाडीतल्या सगळ्या जागा पहिल्या स्टेशनवरच विकल्या, तर वाटेतल्या गावांना काहीच उरणार नाही. म्हणून जागा कोट्यांत वाटल्या गेल्या आणि प्रत्येक कोट्याची रांग वेगळी झाली. जीएनडब्ल्यूएल ही सर्वसाधारण रांग, सर्वांत लवकर पुढे सरकणारी. पीक्यूडब्ल्यूएल ही पूल कोट्याची. मुंबईहून मडगावला जाणाऱ्या गाडीत सावंतवाडीपर्यंतचं तिकीट काढलं, तर ते या छोट्या कोट्यात पडू शकतं. त्यात जागा मोजक्या, त्यामुळे रद्द होणारी तिकिटंही मोजकीच. गणपतीत पीक्यूडब्ल्यूएल १५ पेक्षा जीएनडब्ल्यूएल ४० बरं, असं आम्ही म्हणतो ते यामुळेच.

‘जीएनडब्ल्यूएल ४५/डब्ल्यूएल १२’ असं दिसलं, तर पहिला आकडा तिकीट काढलं तेव्हाचा, दुसरा आजचा. पाहायचा तो दुसरा. चार्ट, म्हणजे कोणाला कुठली जागा याची शेवटची यादी, लागल्यावरही ऑनलाइन तिकीट वेटिंगवरच राहिलं, तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीवरचं तसं होत नाही; गाडी सुटण्याच्या ३० मिनिटं आधीपर्यंत ते स्वतः रद्द करावं लागतं. इथे खूप जणांचे पैसे बुडतात.

आरएसी म्हणजे कोणी तिकीट रद्द केलं तर बर्थ, तोवर बसायला जागा: साइड लोअरवर दोघे. तत्काळ, म्हणजे ऐनवेळचं आरक्षण, त्या मानाने नवं, डिसेंबर १९९७ चं.

गावांची नावं बदलली तरी काही अक्षरं मागेच राहिली. बॉम्बे शहर १९९५ मध्ये मुंबई झालं, पण विमानात बॅगेच्या चिठ्ठीवर अजून बीओएमच छापलं जातं. तिथलं व्हीटी (व्हिक्टोरिया टर्मिनस) स्टेशन १९९६ मध्ये सीएसटी (छत्रपती शिवाजी टर्मिनस) झालं, २०१७ मध्ये ‘महाराज’ जोडून सीएसएमटी. तोंडात मात्र अजून व्हीटीच.

राहिलं ‘बोर्डिंग’. तिकीट सीएसएमटीपासूनचं असेल आणि चढणार ठाण्याला असाल, तर बोर्डिंग स्टेशन आधीच बदलून घ्या. नाहीतर तुम्ही आलाच नाहीत असं समजून टीसी तो बर्थ आरएसीवाल्याला देऊ शकतो.